पितृपक्षातली तारीख

ता. अमळनेर
५ मे २०२५

दीपमाला,

युवराजने पाचवा लागल्यावर फोनवर बातमी सांगितली आणि आबांनी ती स्पीकरवर ऐकली, म्हणजे गावात आता कोणाला सांगायचं राहिलं नाही. तुझा मेसेजही त्यांनी ओट्यावर बसून, चष्मा लावून मोठ्याने वाचला. ‘अजून मळमळ होते’ एवढं वाक्य तर परत परत वाचलं. म्हणून ठरवलं, आपल्या सासू-सुनेचं जे काय असेल ते आता पाकिटात. सातवीपर्यंत वर्गात माझं अक्षर पहिलं होतं. आणि माझ्या नावाचं पाकीट फोडायची आबांची हिंमत नाही.

आता ऐक. पहिलं बाळंतपण माहेरचं, ते तुझ्या आईने जळगावला केलं. दुसरं सासरचं, म्हणजे माझं. श्रावणात कानबाईच्या रोटाच्या सणाला येशील तेव्हा आठवा लागलेला असेल, तिथून परत जायचं नाही. बाज नव्याने विणायला टाकली आहे. डिंक आणवून ठेवते. अमळनेरचा दवाखाना जवळ आहे, गाडी घरची आहे. पियुषच्या वेळी नॉर्मल झालीस, मग दुसरं तर चहा उकळेपर्यंत होतं. मी चार केली आहेत, मला सांगायचं नाही.

आखाजीच्या सणाला माहेरी गेली नाहीस असं कळलं. आईशी भांडलीस का? या दिवसांत भांडू नये.

अक्का

*

देवपूर, धुळे
१४ मे

अक्का, पाया पडते.

बाज विणायची थांबवा. मी गावाला येणार नाही आणि नॉर्मलही होणार नाही. मी इथेच धुळ्यात सिझर करून घेणार आहे. अडलं म्हणून नाही. स्वतः मागून, तारीख घेऊन, कळा सुरू व्हायच्या आधी.

पियुषच्या वेळचं तुम्हाला काही माहीत नाही. तुम्ही पाचवीला जळगावला आलात, नातू पाहिलात, पेढा खाल्लात. आईने मला बजावलं होतं, सासरी यातलं अक्षर बोलू नको, पोरीतच खोट म्हणतील. चार वर्षं मी गप्प बसले. आता लिहिते.

पहाटे दवाखान्यात गेले होते. सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी त्या टेबलावर होते. आईला बाहेर काढलं. ओरडले की तिथली बाई मांडीवर चापट मारायची. म्हणायची, मजा करताना नाही ओरडलीस. शेवटी एक माणूस स्टुलावर चढला आणि त्याने दोन्ही हातांनी माझं पोट दाबलं. तो कोण होता हे मला अजून माहीत नाही. खाली कापलं ते सांगितलं नाही, सुन्नही केलं नाही. ती चीर मागपर्यंत फाटत गेली. रक्त इतकं गेलं की बाटल्या लावाव्या लागल्या. आणि बाहेर पेढे वाटले, नॉर्मल झाली म्हणून.

त्यानंतर कितीतरी महिने मला शौचाचा ताबा नव्हता, अक्का. तुमच्याकडे बारशाला आले तेव्हा साडीच्या आत काय काय बांधून बसले होते ते माझं मला ठाऊक. तुम्ही म्हणालात, सून जरा अबोल आहे. आखाजीला जळगावला गेले नाही, कारण आईचं घर त्या दवाखान्याच्याच रस्त्यावर आहे.

हे वाचून दया येऊ देऊ नका, मला दया नको आहे. त्या टेबलावर मी पुन्हा जाणार नाही, एवढंच कळवायचं होतं.

दीपमाला

*

ता. अमळनेर
२ जून

दीपमाला,

तुझं पत्र आलं त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही. आबांना सांगितलं, डोकं दुखतं.

आधी विहीणबाईंचा राग आला. मग तुझा आला. बारशाला माझ्या शेजारी बसून तू हे सगळं पोटात ठेवलंस, आणि मी तुला लोकांच्या पाया पडायला उठबस करायला लावली. मला सांगितलं असतंस तर जळगावला जाऊन त्या बाईचा हात धरला असता. अजूनही धरीन, नाव सांग.

पण एक दवाखाना वाईट निघाला म्हणून सगळं बाळंतपणच वाईट का? इथे मी उभी असेन. माझ्या देखत तुला कोण चापट मारतो ते बघते. धडधाकट बाईने आपलं पोट चिरून द्या असं स्वतः मागायचं, हे मला उमजत नाही. सिझरवाल्या बायकांची कंबर जन्मभर दुखते. कापूस वेचणीला त्या वाकू शकत नाहीत. तू वेचणीला येत नाहीस हे मला माहीत आहे, पण कंबर ती कंबर.

आणि बायका विसरतात, दीपमाला. मी चारही विसरले. विसरलं नाही तर पुढचं मूल होणार कसं?

युवराजला विचारलंस का?

अक्का

*

देवपूर, धुळे
२० जुलै

अक्का, पाया पडते. बसूनच, कारण आता पोट मध्ये येतं.

उत्तराला उशीर केला, कारण रागात लिहायचं नव्हतं. राग अजून गेलेला नाही, तरी लिहिते.

तुम्ही उभ्या असाल म्हणता. कुठे? आईसुद्धा उभीच होती, दाराबाहेर. रात्रभर. माझा आवाज तिला ऐकू येत होता. या वेळीही दार लावलं की तुम्ही बाहेर आणि मी आत. तुमच्या धाकाने लोक घाबरतात हे खरं, पण लावलेल्या दाराला तुमचा धाक कळत नाही.

बायका विसरतात असं मला वाटत नाही. त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून त्या सांगत नाहीत. तुम्ही ‘चारही विसरले’ असं लिहिलंत. चार आहेत हे बरं लक्षात आहे.

इथल्या डॉक्टर भूमिका मॅडमनी मला दोन्ही बाजू सांगितल्या. नॉर्मल या वेळी सोपं जाऊ शकतं, म्हणाल्या. मागची चीर खोल होती म्हणून सिझर मागायला कारणही पक्कं आहे, म्हणाल्या. सिझरमध्ये काय काय बिघडू शकतं तेही लपवलं नाही. मग म्हणाल्या, घरी जा, विचार करा आणि तुम्हीच सांगा. अक्का, ‘तुम्हीच सांगा’ हे शब्द मला या बाबतीत पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले आणि परत आत जाऊन सांगून आले.

युवराजला विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला, अक्काला काय सांगू? म्हटलं, तू काही सांगू नको, तू बँकेत रजा टाक. तो माझ्या बाजूने आहे, फक्त तुम्हाला भितो.

सतरा सप्टेंबर, बुधवार. रोटाला येणार नाही, मॅडमनी एवढा प्रवास नको म्हटलंय. कानबाईला माझा नमस्कार सांगा.

दीपमाला

*

ता. अमळनेर
६ ऑगस्ट

दीपमाला,

कानबाई छान बसली. तुझ्या वाटणीचा रोट माझ्या दोन्ही पोरींनी मिळून संपवला.

आता आनंदाची बातमी. मला तुझं पटलं. रोटाच्या दिवशी पूजेला भटू महाराज आले होते, त्यांच्यापाशी विषय काढला. ते म्हणाले, सिझर तर उत्तमच, हल्ली शहरात सगळे शिकले-सवरलेले तसंच करतात, वेळ आपल्या हातात राहते, पत्रिका हवी तशी बनते. हे मला आधी कोणी सांगितलंच नाही. आबाही लगेच तयार झाले. बाज मी विणून घेतली आहे, ती ट्रकवाल्याबरोबर धुळ्याला पाठवते. मीही येईन.

फक्त तारीख बदलायची. सतरा तारीख म्हणजे भर पितृपक्ष. त्या पंधरवड्यात आपण साधी चादर विकत आणत नाही, आणि तू मूल आणतेस? तुझ्या मॅडमला सांग, बावीसला घटस्थापना आहे. महाराजांनी सकाळची वेळ काढून दिली आहे, सोबत लिहिली आहे. देवीच्या दिवसांत पोर आलं तर सोनं. चार-पाच दिवसांनी काय बिघडतं?

बघ, सासू ऐकते की नाही.

अक्का

*

देवपूर, धुळे
१४ ऑगस्ट

अक्का,

नाही.

पोटाला हात लावायचा अधिकार आधी त्या स्टुलावरच्या माणसाने घेतला होता, आता भटू महाराजांनी घेतला. मला दोघांनीही विचारलं नाही. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, बावीसपर्यंत थांबलो तर मध्येच कळा सुरू होऊ शकतात. मग जी रात्र असेल ती, जो डॉक्टर हजर असेल तो, आणि मी तिथेच, जिथे मला जायचं नाही. चार-पाच दिवसांनी एवढं बिघडतं.

तारीख सतराच. वेळेचा कागद परत पाठवते आहे.

दीपमाला

*

ता. अमळनेर
२४ ऑगस्ट

दीपमाला,

तुझ्या पत्राने फार लागलं. मुहूर्तासाठी हौसेने धावपळ केली असं तुला वाटतं. आता खरं सांगते, जे मी युवराजलाही कधी सांगितलं नाही.

अविधवा नवमीला आपल्या घरात जे पान वाढतात ते लताबाईचं. तुझे जीवराम नाना, आबांचे थोरले भाऊ, त्यांची पहिली बायको. माझी जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी नीट थापता येत नव्हती. सासूबाई यायच्या आत ती माझ्या बिघडलेल्या भाकरी गुरांना घालायची आणि आपल्या टोपलीत ठेवायची. ती असताना मला सासर जड गेलं नाही.

तिला पहिलंच होतं. आई नव्हती, म्हणून माहेरी धाडली नाही. पितृपक्षात कळा सुरू झाल्या. रात्र गेली तरी मोकळी होईना. सुईण म्हणाली, पोर आडवं आहे, माझ्या हातचं नाही, अमळनेरला न्या. जिनिंगवाल्यांची जीप मागवली, ती उजाडताच दारात आली. पण त्या दिवशी सासऱ्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. सासरे म्हणाले, पितर दारात आलेले असताना घरची सवाष्ण उंबऱ्याबाहेर काढायची नाही. घास ठेवू, कावळा शिवला की निघा. घास छपरावर ठेवला. कावळा येईना. सासरे खाली उभे राहून हात जोडत होते, काय चुकलं असेल ते पदरात घ्या म्हणत होते. मी आत लताबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ती सारखी विचारायची, शिवला का गं? दुपार कलल्यावर कावळा आला. जीप अमळनेरच्या वेशीपाशी पोचली तेव्हा ती गेलेली होती. पोर पोटातच.

तो पंधरवडा आपल्या घरातल्या बाईला धार्जिणा नाही, दीपमाला. म्हणून म्हणते, त्या दिवसांत टेबलावर जाऊ नको. मी हात जोडते.

अक्का

*

देवपूर, धुळे
१ सप्टेंबर

अक्का, पाया पडते. मागच्या पत्रात पडले नव्हते, ते चुकलं.

लताबाईंसाठी मी इथे बसून खूप रडले. तुम्ही सतरा-अठरा वर्षांच्या असाल, आणि त्यांचं डोकं तुमच्या मांडीवर. हे तुम्ही एवढी वर्षं एकटीने सांभाळलंत, आणि विसरले म्हणता.

पण अक्का, तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हालाच दिसलं नाही. सुईणीने वेळेवर सांगितलं होतं. जीप दारात होती. रस्ता होता, अमळनेरला दवाखाना होता. नव्हता तो फक्त कावळा. लताबाईंना पितृपक्षाने नेलं नाही. घरच्यांनी त्यांना थांबवलं. त्या आत विचारत होत्या, शिवला का, आणि जायचं की नाही हे त्यांना कोणीच विचारत नव्हतं.

आता तुम्ही मला म्हणता, घटस्थापनेपर्यंत थांब. तुम्ही मायेने म्हणता, हे मला कळतं. तुमचे सासरेही वाईट माणूस नसतील. ते हात जोडून उभे होते, तुम्हीच लिहिलंय. तुम्हीही हातच जोडता आहात.

मी थांबणार नाही. मला काही झालं तर लोक पितृपक्षाला बोल लावतील, आणि काही झालं नाही तर म्हणतील नशीब. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. सोळाला संध्याकाळी दवाखान्यात जाईन. तुम्ही आलात तर मला बळ येईल. नाही आलात तरी मी जाणार आहे.

दीपमाला

*

ता. अमळनेर
१५ सप्टेंबर, अविधवा नवमी

दीपमाला,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, वेळेत पोचणार नाही. मीच घेऊन येते. तोंडाने मला हे सांगता यायचं नाही, म्हणून लिहिलं.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. कालची पोर मला माझ्या घरातलं शिकवते, असं वाटलं. मग राग ओसरला आणि ती जीपच डोळ्यांसमोरून हलेना. ड्रायव्हर बोनेटला टेकून उभा होता. त्याने मध्ये एकदा विचारलंही होतं, निघायचं का? मी ते ऐकलं होतं, दीपमाला. एवढी वर्षं मला कावळाच आठवत होता.

आज पान वाढलं. जीवराम नाना आणि आबा पंगतीला होते. आबांनी नेहमीसारखं म्हटलं, बिचारीचे दिवस भरले होते. माझ्या हातात वरणाचं भांडं होतं, ते खाली ठेवलं. म्हटलं, ‘दिवस काही भरेल नव्हतात. लताबाई पितृपक्षमुये गई नही. तुम्ही तिले थांबाडं, म्हनीसन ती गई.’ या घरात हे वाक्य कोणी बोललं नव्हतं. आबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मला वाटलं नाना उठून जातील. ते उठले नाहीत. हळूच म्हणाले, ‘माले तव्हयच समजनं व्हतं.’ त्यांना तेव्हाच कळलं होतं, आणि आम्ही एकमेकांना एवढी वर्षं नवमीचं जेवण वाढत होतो. नाना नंतर जेवले नाहीत, नुसते लताबाईच्या पानाजवळ बसले.

बुधवारी, तुझ्या तारखेलाच, माझ्या सासऱ्यांचं श्राद्ध आहे. त्यांचंच, ज्यांनी जीप थांबवली. आबा म्हणाले, तू धुळ्याला गेलीस तर खीर-वडे कोण करणार? म्हटलं, वडील तुमचे, तुम्ही करा. दोघं भाऊ आहात, हात धड आहेत. कावळा शिवला की नाही ते मला फोन करून कळवू नका.

उद्या सकाळच्या एसटीने निघते. मला अजूनही त्या तारखेची भीती वाटते, ते तुझ्यापासून लपवत नाही. भीत भीतच येते आहे. पण येते आहे.

अक्का

*

देवपूर, धुळे
२७ ऑक्टोबर

अक्का, पाया पडते. आता वाकून पडता येतं, थोडं.

तुम्ही गेल्यापासून घर सुनं वाटतं. पियुष बाजेवर चढून तुमच्या नावाने हाका मारतो. तुमच्या समोर बोलायचं राहिलं ते लिहिते.

पाठीत भुलीची सुई देताना मी उशी घट्ट धरून ठेवली होती. भूल दिल्यावर थंडी वाजून दात वाजायला लागले. टाका अजून ओढतो, शिंक आली की पोट धरते. सिझर सोपं असतं असं मी कोणाला सांगणार नाही. पण मॅडम प्रत्येक वेळी आधी सांगायच्या, आता मी हे करते आहे, चालेल ना? पितृपक्षात कोणी तारीख घेत नाही, त्यामुळे थिएटर रिकामं होतं आणि कोणाला घाई नव्हती. पोर बाहेर आली, तिने आवाज केला आणि त्यांनी ती माझ्या गालाला लावली. मी तिला नीट बघितलं. कानाच्या पाळ्या बघितल्या, ओल्या पापण्या बघितल्या. पियुषला पहिल्यांदा कधी पाहिलं ते मला आजही आठवत नाही, अक्का. ते माझ्याकडून कोणीतरी काढून घेतलं. हे मात्र माझं आहे.

आई आली होती त्या दिवशी तुम्ही तिला एका शब्दाने बोलला नाहीत. उलट तिला माझ्याजवळ बसवून स्वतः बाहेर गेलात. तिने मला विचारलं, फार दुखलं होतं का गं त्या वेळी? चार वर्षांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी बराच वेळ बोललो.

गावात तुम्हाला त्रास होत असेल. ‘पितृपक्षातली पोर’ म्हणत असतील. मला कळवा, लपवू नका.

दीपमाला

*

ता. अमळनेर
३ नोव्हेंबर

दीपमाला,

त्रास मला कोण देणार? तरी विचारलंस म्हणून सांगते.

श्राद्धाची खीर दोघा भावांनी करपवली. सगळी गल्ली हसली. मी आले तोवर पातेलं तसंच काळं होतं, ते घासलं. नाना मात्र तुझ्या पोरीसाठी वाळे करायला टाकून आले. कोणाला न सांगता गेले होते.

काल गिरणीवर दळण घेऊन गेले. पाच-सहा जणी होत्या, भटू महाराजांची बायकोही होती. पहिला प्रश्न ठरलेला, ‘नॉर्मल व्हयनी का शिजर?’ म्हटलं, ‘शिजर. मांगीसन.’ मागून घेतलं म्हटल्यावर सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, मागून कोण घेतं? मी म्हटलं, जिला पहिल्या वेळी कोणी विचारलं नाही ती घेते. मग त्यांच्यातलीच एक कोपऱ्यातली, नवीन लग्न झालेली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिथून हलली नाही.

महाराजांच्या बायकोला ते रुचलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘ते राहू द्या अक्का, पन भर पितृपक्षमा मुहूर्त कोनी काढा?’

मी पिठाचा डबा डोक्यावर घेतला.

‘पोरनी मायनी,’ म्हटलं, पोरीच्या आईने काढला, आणि घरी आले.

अक्का